नदीचा ताळेबंद



आमच्यासारख्या युनियनच्या माणसाने हिमालयातील बर्फावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटत असेल. आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे झाले ते कारखान्याच्या फाटकापाशी, आणि कराराच्या वेळी कंपनीचा ताळेबंद वाचताना. परंतु ती सवय एकदा लागली म्हणजे माणूस नदीकडेही त्याच नजरेने पाहू लागतो.

भोसरीकडील एक कारखाना बंद पडला, तेव्हा आमच्या एका सभासदाच्या हाती फंडाची रक्कम आली. घराला रंग लागला, मुलीचे लग्न थाटात झाले. शेजारी म्हणाले, गड्याची भरभराट झाली! भरभराट कसली? मुद्दल संपत होते. तिसऱ्या वर्षी तो रोजंदारीच्या नाक्यावर उभा होता.

हिमनदीचे असेच आहे. वरच्या अंगाला बर्फ साठते, खालच्या अंगाला वितळते. जमा आणि खर्च बरोबरीने चालले आहेत, तोवर नदी जणू व्याजावर चालते. उष्मा वाढला म्हणजे मुद्दल वितळू लागते, आणि फसगत होते ती येथेच. कारण आधी नदीचे पाणी वाढते! त्या वाढीच्या भरवशावर कोणी नवे कालवे आणि नवी वीजघरे काढली, तर त्याने फंडालाच पगारवाढ समजले म्हणायचे. बर्फ सरत आले की पाणी उतरते, आणि तेही ऐन कोरड्या दिवसांत, जेव्हा गरज सर्वांत मोठी असते.

हा जमाखर्च मांडतात कसा? हिमाचलातील लाहौल-स्पीती जिल्ह्यात छोटा शिग्री नावाची हिमनदी आहे. 2002 पासून तिचा हिशोब ठेवला जात आहे. बर्फात बांबू रोवतात आणि तो किती उघडा पडला ते मोजतात. वरच्या भागात खड्डे खणून नवे बर्फ किती साचले ते पाहतात. अशा नोंदींवरून, तपमान शून्याच्या वर किती अंश गेले आणि किती दिवस राहिले, याच्याशी वितळण्याची सांगड घालता येते. ती मागील वर्षांवर ताडून पाहावयाची, आणि खरी उतरली तरच पुढील काळाचे तपमान तिच्यात घालावयाचे. विद्वान याला प्रतिमान म्हणतात. आम्ही अंदाजपत्रक म्हणतो. ते ज्योतिष नव्हे. अमुक झाले तर तमुक होईल, इतकेच ते सांगते.

हिंदुकुश-हिमालयाविषयी 2019 साली निघालेला अहवाल म्हणतो की, पृथ्वीची तापवाढ दीड अंशावर रोखली तरी 2100 पर्यंत तेथील एक तृतीयांश बर्फ जाईल. धूर सोडणे तसेच चालू राहिले तर दोन तृतीयांश. याचा भार सर्व नद्यांवर सारखा नाही. सिंधू बर्फावर पुष्कळ अवलंबून आहे, गंगा मुख्यत्वे पावसावर.

या हिशोबात चूक होत नाही काय? होते. हिमालयातील हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होतील, असे एक विधान 2007 च्या आंतरराष्ट्रीय अहवालात शिरले होते. 2010 च्या जानेवारीत ती चूक जाहीरपणे कबूल करण्यात आली. काहींनी तेवढ्यावर साऱ्या शास्त्रालाच खोटे ठरविले. परंतु एक नोंद चुकली म्हणून खातेवही जाळावयाची नसते, ती दुरुस्त करावयाची असते.

आता आपण विचाराल, आमच्या मुठेत बर्फ कोठे आहे? नाही, आणि आम्हांला सांगावयाचे आहे ते हेच. हिमालयातील नदीजवळ निदान फंड तरी आहे. आपली नदी रोजंदारीवर जगते. चार महिने घाटात पाऊस कमवावयाचा आणि खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या चार डब्यांत तो साठवावयाचा. चारही भरले तर सुमारे 29 अब्ज घनफूट. त्यावर हे शहर जगते आणि दौंड-इंदापूरकडील शेतीही.

1962 साली स्थापन झालेली आणि आज पाषाणला असलेली उष्णदेशीय हवामानाची संस्था हेच हिशोब करते. तेथील शास्त्रज्ञांनी तयार केलेला 2020 चा अहवाल सांगतो की, 1951 ते 2015 या काळात देशाचा मोसमी पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी घटला, आणि ही घट विशेषतः गंगेच्या मैदानात व पश्चिम घाटात दिसते. घाट म्हणजे आपल्या कमाईची जागा! त्यातही सरासरीवर विसंबू नये. कंपनी नेहमी सरासरी पगार दाखविते. परंतु घर चालते ते हातात पडलेल्या पगारावर.

म्हणून कोणताही अंदाज पुढे आला की आम्ही तीन प्रश्न विचारतो. त्यात काय गृहीत धरले? मागील वर्षांवर तो ताडून पाहिला काय? आणि तूट आली तर कात्री कोणाच्या वाट्याला? पहिल्या दोहोंची उत्तरे शास्त्रज्ञ देतील. तिसऱ्याचे उत्तर कोणत्याही गणितात नाही; ते माणसे ठरवितात. पाणी आटले की सोसायटीत टँकर येतो आणि वस्तीत रांग लागते. त्या रांगेत उभ्या असलेल्या बाईचा खाडा पडतो आणि तिचा रोज बुडतो. कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्याचे पीकही असेच बुडते.

शहराने शेतकऱ्याशी भांडावे आणि शेतकऱ्याने शहराशी, यात दोघांचेही हित नाही. दोघांनी मिळून एकच मागणी करावी: हा हिशोब सोप्या मराठीत, वॉर्डावॉर्डांत आणि गावोगाव, दरवर्षी पावसाळ्यापूर्वी मांडला जावा. आणि तुटीच्या वर्षी कोणाला किती, हे त्याच वेळी सर्वांसमक्ष ठरावे. कारखान्याला टाळे लागल्यावर ताळेबंद मागून उपयोग होत नाही, हे आम्ही अनुभवाने शिकलो. धरण रिकामे झाल्यावर तो मागण्याची पाळी आपणांवर येऊ नये, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.