रंग देण्याआधी वाघीण वाचा

(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण, वडोदरा)



मी सरकारी नोकर, शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमा. इतिहास सांगायला माझ्यापेक्षा जाणकार मंडळी इथे बसली आहेत. मी लोखंड आणि गंज यांविषयीच बोलेन.

गायकवाडी रेल्वे आपल्याला नवी नाही. १८६२ साली खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत डभोई ते मियागाम हा अडीच फुटी मार्ग सुरू झाला. भारतातली ही पहिली नॅरोगेज. सुरुवातीला गाडी बैल ओढत. या मुलखातला कापूस मियागामच्या मोठ्या लाइनीवर पोचवणं हे तिचं मोठं काम. म्हणजे इथे खरा मान मालाच्या वाघिणीचा. पण जतन करायची वेळ आली की इंजिन चबुतऱ्यावर चढतं आणि वाघीण भंगारात जाते. नॅरोगेजचे मार्ग एकामागून एक ब्रॉडगेज झाले. आता उरलेल्या वाघिणी थोड्याच.

एखाद्या गावाच्या संग्रहालयाला वाघीण मिळाली, की सगळ्यांना पहिली घाई रंगाची. तीच टाळायची. जुन्या रंगाच्या थरांखाली वाघिणीचा नंबर, रिकामं वजन, किती माल भरायचा, हे सापडू शकतं. वाळूचा फवारा मारला की सगळं पुसलं जातं. म्हणून आधी चारही बाजूंचे फोटो, मग मापं, आणि मग एका कोपऱ्यात हलक्या हाताने थर खरवडून पाहावेत.

गंज धरतो तो पाणी साचतं तिथे: दाराच्या खालच्या खाचेत, तळाच्या पत्र्याच्या कडेला, लाकडी फळ्यांखाली. सडलेला तेवढाच तुकडा बदलावा आणि नव्या पत्र्यावर आतून साल कोरावं. पुढच्या माणसाला जुनं-नवं ओळखता येतं. चाकं सिमेंटात गाडू नयेत. रूळ, स्लीपर आणि खडीवर वाघीण उभी केली की पाणी निचरतं. वर शेड हवीच.

आत प्रदर्शन मांडायचं तर खिडक्या कापू नका. मालाचं दार पुरेसं रुंद असतं. पायऱ्या वेगळ्या टेकूवर ठेवा, वाघिणीला जोडू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात लोखंडी वाघीण भट्टीसारखी तापते, त्यामुळे आत मूळ कागद किंवा फोटो ठेवू नयेत, नकला ठेवाव्यात. कापसाची गाठ, तराजू, गोणी असं सामान तिथे शोभतं.

पण एक गोष्ट डिप्लोमावाल्याला जमणार नाही. त्या वाघिणीत काय भरायचे, कोण हमाल असायचे, पावती कशी फाडायचे, हे पत्रा सांगत नाही. आपल्यापैकी कुणाचे आजोबा गोयागेटच्या कारखान्यात असतील, कुणाचे काका मालधक्क्यावर. गायकवाडी रेल्वे १९४९ साली बी.बी.सी.आय.मध्ये विलीन झाली. तो काळ पाहिलेली माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा, विचारा, लिहून घ्या. पत्रा दहा वर्षांनीही बदलता येईल. आठवणीला मात्र सुटा भाग मिळत नाही.

गणपती बाप्पा मोरया!