थोरला, धाकटा आणि साखरेचा डबा

दुपारची भांडी उरकली असतील. कुणी शेंगा फोडत असेल, कुणी गहू निवडायला बसली असेल. हात चालू द्या, कान इकडे द्या. आज आम्ही दोघी तुम्हाला गोष्टींतल्या जोडगोळ्यांबद्दल सांगणार आहोत. नायकाबद्दल नाही, त्याच्या मागं-पुढं करणाऱ्या त्या दोघांबद्दल. आणि गोष्टी आहेत जपानच्या.

जपान म्हटल्यावर लांब वाटून घेऊ नका. घरात शाळकरी पोरं असतील तर जपान कधीच तुमच्या ओट्यावर येऊन बसलाय. डोरेमॉन जपानचा, शिनचॅन जपानचा, पोकेमॉनही जपानचाच. आपल्याकडे ती हिंदीतून बोलतात म्हणून इथलीच वाटतात एवढंच. तिकडं चित्रांतून सांगितलेल्या गोष्टींना मांगा म्हणतात. त्या साप्ताहिकांत, मासिकांत छापून येतात, आणि पान उजवीकडून डावीकडं वाचायचं असतं. त्याच चित्रांचा हलता-बोलता सिनेमा किंवा मालिका झाली की ती ॲनिमे.

गटाच्या बैठकीत एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. पोरं कार्टून बघून मारामारी शिकतात, दादागिरी शिकतात. म्हणून आम्ही पोरांच्या शेजारी बसून डोरेमॉन बघितला. सगळ्यांची नजर त्या निळ्या मांजरावर आणि रडक्या नोबितावर असते. आमची नजर मात्र जियान आणि सुनियोवर जाऊन बसली.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जियान म्हणजे आडदांड पोरगा, गल्लीचा दादा. कुणाचं खेळणं आवडलं की ते त्याचं झालं. गाणं म्हणायला लागला की ऐकणाऱ्यांचे कान किटतात, पण उठून जायची कुणाची हिंमत नाही. सुनियो त्याच्या शेजारचा. अंगानं किरकोळ, तोंड पुढं आलेलं, बापाकडं पैसा. नवं काही आणलं की चारचौघांत मिरवायचं, आणि यात तिघांनाच जागा आहे म्हणून नोबिताला नेमकं बाहेर ठेवायचं. जियाननं नोबिताला बदडलं की हा शेजारी उभा राहून खिदळणार.

चार भाग बघितल्यावर एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. सुनियोची महागडी खेळणी पळवतो कोण? जियान. बेसूर गाण्याला वा वा करायला लावतो कोण? जियानच. म्हणजे सुनियो हा जियानचा दोस्त दिसतो खरा, पण तो त्याच्या हाताखाली सापडलेला पहिला पोरगा आहे. आपल्यावरचा मार चुकावा म्हणून तो दुसऱ्याच्या माराला हसतो. आणि जियान? त्याच्या आईचं किराणा दुकान आहे. ती हाक मारते, कामाला लावते, कानाखाली देते, आणि हा गल्लीचा दादा तिच्यापुढं शेपूट घालतो. घरी तो दुकानदारणीचं मार खाणारं पोर. शेजारी सुनियो उभा असतो म्हणून तो गल्लीत दादा.

तेव्हा शाळेतून पोर रडत आलं तर ‘कुणी मारलं’ एवढंच विचारून थांबू नका. ‘शेजारी कोण उभं होतं’ तेही विचारा. आणि आपलंच पोर कुणाच्या तरी शेजारी उभं राहून हसत असेल तर त्याला झोडपण्याआधी ते कशाला भितंय हे बघा.

आता या कथाकारांना ही हाताखालची माणसं जोडीनंच का लागतात? एक कारण अगदी धंद्याचं आहे. साप्ताहिकात मांगा काढणाऱ्याला दर आठवड्याला साधारण १९-२० पानं चित्रं पुरी करावी लागतात. वाचणारं पोर भराभर पान उलटतं. एक जाड एक बारीक, एक उंच एक बुटका असे दोघं काढले की नाव न लिहिता ओळखू येतात. पण हे वरवरचं कारण झालं. खरं कारण मांगाच्या कितीतरी आधीचं आहे, आणि ते जपानच्या जुन्या रंगभूमीवर सापडतं.

तिकडं ‘नो’ नावाची गंभीर नाटकं असतात. राजे, योद्धे, भुतं, देव, सगळं संथ आणि भारदस्त. दोन नाटकांच्या मधे लोकांना हसवायला छोटी नाटुकली करायची पद्धत पडली. तिला म्हणतात क्योगेन. सहाशे वर्षं तरी ही चालत आलीय. आपल्या तमाशात गण-गवळण झाली की वगाआधी दोघं समोरासमोर उभे राहून बतावणी करतात, ते आठवा. क्योगेनमध्ये पुष्कळदा दोन नोकर येतात. एकाचं नाव तारो काजा, दुसऱ्याचं जिरो काजा. ही नावंही खरं तर नावं नाहीत. तारो म्हणजे थोरला, जिरो म्हणजे त्याच्या पाठचा, आणि काजा म्हणजे घरगडी. थोरला गडी आणि धाकटा गडी. मालकानं नाव विचारायचीही तसदी घेतलेली नाही.

यांचं एक नाटुकलं आहे, त्याचं नाव ‘बुसू’. बुसू म्हणजे जहाल विष. मालक बाहेरगावी निघतो. दोघांना बोलावून एक डबा दाखवतो आणि बजावतो, यात बुसू आहे, याच्यावरून आलेला वारा जरी अंगाला लागला तरी माणूस मरतो, लांब राहा. मालक गेला. वाऱ्याची झुळूक आली की दोघं लांब पळतात. पण मन काही ऐकत नाही. थोरला म्हणतो, आपण पंख्यानं वारा उलटा घालू आणि मग जवळ जाऊ. एक पंखा हलवतोय, दुसरा पुढं सरकतोय, असं करत डब्यापाशी पोचतात. झाकण काढतात. दिसायला तर छान दिसतंय. थोरला चाखायला निघतो, धाकटा बाही ओढतो, मरशील म्हणतो. थोरला चाखतो आणि कपाळाला हात लावतो. साखर! त्या काळी जपानात साखर बाहेरून यायची, सोन्यासारखी जपायची. मालकानं गड्यांनी हात लावू नये म्हणून विषाची थाप मारली होती.

मग काय, डबा या हातातून त्या हातात. बघता बघता तळ दिसला. आता भांडण, तू आधी खाल्लीस, तू जास्त खाल्लीस. मालकाला काय सांगायचं? थोरला म्हणतो, ती भिंतीवरची चित्राची गुंडाळी फाड. धाकटा फाडतो. आता तो चहाचा किमती वाडगा फोड. दोघं मिळून फोडतात. मालक आला की दोघं भोकाड पसरतात. मालक, झोप येऊ नये म्हणून आम्ही कुस्ती खेळत होतो, त्यात चित्र फाटलं, वाडगा फुटला. आता जगून काय करायचं म्हणून आम्ही बुसू खाल्लं. एक घास खाल्ला, मेलो नाही. दोन खाल्ले, मेलो नाही. सगळा डबा संपवला तरी मरण येईना, आमचं नशीबच खोटं!

मालक काय बोलणार? साखर होती म्हणावं तर आपणच खोटं बोललो हे कबूल करावं लागतं. तो ओरडत मागं धावतो, हे दोघं पुढं पळतात, आणि नाटुकलं संपतं.

चित्र फाडणं, वाडगा फोडणं बरोबर होतं असं आम्ही म्हणत नाही. पण या गोष्टीत एकटा थोरला ठेवून बघा. घरात एकटा गडी आणि विषाचा डबा. तो कोपऱ्यात बसून राहील, वाऱ्याला भीत. मालक खोटं बोलत असेल अशी शंका मनात आली तरी सांगणार कुणाला? बाही ओढणारा कुणी असला तरच आपलं धाडस आपल्याला कळतं. एकट्या गड्याला फक्त ‘होय मालक’ म्हणता येतं. दोघं असले की मालकाबद्दल बोलता येतं. आणि प्रेक्षकालाही ते ऐकू येतं.

दुसरं एक नाटुकलं याहून चलाख आहे. मालकाला संशय, की आपण बाहेर गेलो की हे दोघे दारू पितात. म्हणून तो एकाचे दोन्ही हात पसरून खांद्यावरच्या दांड्याला बांधतो, कावड घेतल्यासारखे. दुसऱ्याचे हात पाठीमागं बांधतो आणि निर्धास्त जातो. हे दोघं कोठीत शिरतात. दांड्याला बांधलेल्याला हाताच्या टोकानं दारू उपसता येते, पण स्वतःच्या तोंडाशी नेता येत नाही. म्हणून तो ती दुसऱ्याला पाजतो. मग पेला त्या दुसऱ्याच्या पाठीमागच्या हातात देतो, आणि वाकून आपण पितो. पिऊन दोघं नाचतात, गातात. पेल्यात मालकाचं प्रतिबिंब दिसतं तरी त्याच्यावरच गाणं रचतात. दारूची गोष्ट सांगतोय म्हणून रागावू नका, ती कुठल्या घरात काय करते हे आम्हाला ठाऊक आहे. आम्हाला आवडले ते बांधलेले हात. ज्याला स्वतःला पाणीसुद्धा पिता येत नाही, त्याला दुसऱ्याला पाजता येतं.

जोडीसाठी जपानी लोकांकडं एक शब्द आहे, आणि तो आपल्याकडून गेलाय. आपल्याकडं विष्णूच्या देवळात दाराशी जय-विजय असतात ना, तसे तिकडच्या बौद्ध देवळांच्या दारात दोन राखणदार उभे असतात. नारा गावच्या तोदाइजी देवळातले लाकडी राखणदार १२०३ साली कोरलेले आहेत. आठ मीटरहून उंच, म्हणजे आपल्या दुमजली घराएवढे, आणि ६९ दिवसांत पुरे केलेले. एकाचं तोंड उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं. उघडं तोंड ‘अ’ म्हणतं, मिटलेलं ‘हूं’ म्हणतं. हे संस्कृतातले आवाज बौद्ध धर्माबरोबर चीनमधून तिकडं पोचले. जपानी तोंडात त्याचं झालं ‘आ-उन’. दोन माणसं न बोलता एकमेकांचं मन ओळखून काम करायला लागली की तिकडं म्हणतात, यांचा श्वास आ-उनचा आहे.

बँकेत गटाच्या पुस्तकावर सह्या करायला जाणाऱ्या दोघी आम्ही बघतो. खिडकीपाशी एक बोलत असते, दुसरी गप्प. लोकांना वाटतं ही नुसती सोबत आली. पण साहेब बोलत असताना ही शेवटच्या ओळीतला आकडा वाचत असते. एकीचं तोंड उघडं, एकीचं मिटलेलं.

आणि डोरेमॉन ज्यानं काढला तोही जोडीतलाच बरं का. हिरोशी फुजिमोतो आणि मोतोओ आबिको हे ताकाओका गावच्या शाळेतले दोस्त. दोघं १९५४ साली तोक्योला गेले आणि फुजिको फुजिओ या एकाच नावानं चित्रकथा छापायला लागले. डोरेमॉन फुजिमोतोंचा, तरी वर्षानुवर्षं नाव दोघांचं एकच. पुढं १९८७ च्या सुमारास त्यांनी नावं वेगळी केली. तेही आम्हाला शहाणपणाचं वाटतं. जोडी म्हणजे जन्माचं जू नव्हे.

एक गोष्ट मात्र खटकते. या जोड्या बहुतेक पुरुषांच्या. आपल्याकडच्या मालिकांत तर दोन बायका एका खोलीत आल्या की एक सासू, एक सून, नाहीतर दोघी जावा, आणि लगेच कारस्थान. दोघी मिळून साखरेचा डबा उघडतायत असं कधी बघितलंय?

म्हणून पोकेमॉनमधली जेसी आम्हाला जवळची वाटते. ती आणि जेम्स, सोबत एक बोलणारं मांजर. हे तिघं टीम रॉकेट नावाच्या चोरांच्या टोळीतले. १९९७ साली मालिका सुरू झाली, आणि बहुतेक भागांत हे पोराचा पिकाचू पळवायला जातात, हरतात, आणि आकाशात भिरकावले जातात. जपानीत यांची नावं मुसाशी आणि कोजिरो. १६१२ साली एकमेकांशी लढलेल्या दोन नामांकित तलवारबाजांची ती नावं. वैऱ्यांची नावं दिली, आणि काढली मात्र जिवाभावाची जोडी! जेसीनं लहानपणी इतकी गरिबी बघितली की बर्फाचे पदार्थ करून खाल्ले. एकदा नर्स व्हायला गेली, तेही जमलं नाही. जेम्स श्रीमंताघरचा, पण ठरवलेलं लग्न नको म्हणून पळालेला. चोरी वाईटच. पण ती दोघं हरल्यावर एकमेकांना टाकून जात नाहीत. पोरं त्यांना हसतात, आणि ती आली नाहीत तर वाटही बघतात.

याच टोळीत आणखी एक जोडी आहे, कॅसिडी आणि बुच. कधीमधी येणारी, किरकोळातली किरकोळ. त्यातल्या बुचचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. साहेबापासून वैऱ्यापर्यंत प्रत्येक जण त्याला भलत्याच नावानं हाक मारतो, आणि तो चिडून ओरडत राहतो, माझं नाव बुच आहे, बुच! पोरं पोट धरून हसतात. आम्हीही हसलो. मग आमच्यातली एक म्हणाली, गावात आपल्या दोघींना तरी कुठं वेगळी नावं आहेत? ‘त्या रेडिओवाल्या’ एवढंच. लग्नानंतर नाव बदललेल्या, आणि पुढं अमक्याची आई म्हणूनच हाका ऐकलेल्या कितीतरी जणी आत्ता ऐकत असतील. त्यांना बुच का ओरडतो ते वेगळं सांगायला नको.

आज संध्याकाळी पोरं टीव्हीपुढं बसली की घटकाभर त्यांच्याजवळ बसा, आणि नायक सोडून बाकीच्यांची नावं त्यांना विचारा. त्यांना पाठ असतात. वेळ झाली. नमस्कार.