अडलं तर विचारा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू कॉम्प्युटरमधला माणूस, त्यावरच दहा मिनिटं बोल." सकाळपासून इथे चहा घेताना तिघांनी मला बाजूला घेऊन आपापले मोबाईल दाखवले. एकाचा फोन अडकतोय, एकीच्या लॅपटॉपवर मराठी उमटत नाही, एका काकांना कसला तरी ओटीपी आलाय. म्हटलं, एकेकाला कोपऱ्यात घेऊन सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकत्रच सांगू. माझा आजचा विषयही तोच आहे : अडचण चारचौघांत मांडायची आणि चारचौघांनी मिळून सोडवायची.

या पद्धतीला एक नाव आहे, 'युजर ग्रुप'. सोप्या मराठीत वापरणाऱ्यांचं मंडळ. आपल्याकडे भजनी मंडळ असतं, तालीम असते, तसंच. ५ मार्च १९७५ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क गावी एका गृहस्थाच्या गॅरेजमध्ये तीसएक हौशी माणसं जमली. घरी स्वतःचा कॉम्प्युटर जुळवायचा, एवढाच सगळ्यांचा नाद. 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' हे त्या मंडळाचं नाव. त्या पहिल्या बैठकीत स्टीव्ह वॉझ्नियॅक नावाचा तरुण बसला होता. पुढे त्याने ॲपलचा पहिला कॉम्प्युटर बनवला आणि त्याचे आराखडे त्याच मंडळात फुकट वाटले.

आपल्याकडे पुण्यात असंच एक मंडळ उभं राहिलं. पुणे लिनक्स युजर्स ग्रुप, सगळे त्याला 'प्लग' म्हणायचे. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतलं आणि जगाला खुलं करून दिलं. कंपनी नाही, दुकान नाही, मग अडलं तर विचारायचं कुणाला? एकमेकांना! म्हणून गावोगावी लिनक्सवाल्यांची मंडळं निघाली. प्लगच्या बैठका मॉडेल कॉलनीत, आतुर सेंटरमधल्या सिंबायोसिसच्या कॉम्प्युटर संस्थेत भरायच्या. मी नोकरीला लागल्यावर तिथे जाऊ लागलो. त्याच सिंबायोसिसचं विद्यापीठ आज आपल्या लवळ्याच्या टेकडीवर आहे, हा योग मला फार गमतीचा वाटतो.

त्या बैठकांत काय असायचं? एक जण काहीतरी शिकवायचा आणि मग प्रश्नोत्तरं. आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ला, आणि पुढची काही वर्षं ते टेलिफोनच्या तारेवरून कुरकुरत यायचं. मोठी फाईल उतरवायला रात्र जायची. म्हणून सीड्या एकमेकांना द्यायच्या, कॉपी करून घ्यायच्या. कुणी घरचा डबा, म्हणजे कॉम्प्युटरचा सीपीयू, स्कूटरवर मांडीत धरून आणायचा. कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचा माणूस आणि पहिल्या वर्षाचा पोरगा शेजारी-शेजारी बसून तो उघडायचे.

तिथे मी जे शिकलो ते लिनक्सपुरतं नाही. घरातल्या मिक्सरपासून शेतातल्या मोटरीपर्यंत कुठेही चालेल. ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट : पडद्यावर काय लिहून आलंय ते अक्षरशः वाचा. "काहीतरी एरर आली" असं सांगून कुणालाच काही कळत नाही. मोबाईलने त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. डॉक्टरकडे गेल्यावर "बरं वाटत नाही" एवढंच म्हटलं तर ते काय औषध देणार?

दुसरी : कधीपासून बिघडलं आणि त्याआधी काय बदललं, हे आठवा. नवं ॲप टाकलं? वीज गेली होती? पोरांनी वायर हलवली? निम्मी उत्तरं इथेच मिळतात.

तिसरी : एका वेळी एकच गोष्ट बदला. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चालू झालं, तर कशामुळे झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

चौथी : अर्धं-अर्धं करत चला. प्रिंटर चालत नाही? तीच वायर दुसऱ्या मशीनला लावा. चालली, तर वायर निर्दोष. मग सॉकेट पाहा, मग मशीन. दर वेळी संशयित निम्मे होतात.

पाचवी, आणि ही सर्वांत आधी करायची : काही उघडण्यापूर्वी आपल्या फाईलींची आणि फोटोंची प्रत काढा. जाणकार सांगतात, तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. मशीन बाजारात मिळतं. लेकीच्या लग्नाचे फोटो मिळत नाहीत.

आता दोन हमखास नुस्खे. जुना कॉम्प्युटर चालू केल्यावर नुसताच टी-टी वाजतो आणि पडदा काळा राहतो, तेव्हा पुष्कळदा आतली मेमरीची पट्टी नीट बसलेली नसते किंवा तिच्या कडेचे पितळी दिसणारे दात मळलेले असतात. वीज पूर्ण बंद करा, प्लग काढा, पट्टी अलगद बाहेर काढा आणि ते दात आपल्या शाळेतल्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून परत बसवा. माझ्या हिशेबाने त्या दोन रुपयांच्या रबराने माझ्या डिग्रीपेक्षा जास्त कॉम्प्युटर दुरुस्त केले असतील!

दुसरा नुस्खा : मशीन उत्तम चालतंय, इंटरनेट आहे, पण प्रत्येक साईट "सुरक्षित नाही" म्हणून अडवते. आधी कोपऱ्यातली तारीख बघा. साईटच्या ओळखपत्राला मुदत असते, आणि तुमच्या मशीनला वाटत असतं की अजून २००९ साल चालू आहे, म्हणून ते ओळखपत्र त्याला खोटं वाटतं. तारीख दुरुस्त करा. वीज बंद केल्यावर ती पुन्हा मागे जात असेल, तर आतला नाण्याएवढा सेल संपलाय. बहुतेक मशीनमध्ये तो सीआर २०३२ नावाचा असतो, घड्याळजीकडेही मिळतो.

मराठी टायपिंगबद्दल विचारलं होतं, त्या ताईंसाठी. पूर्वी मराठीचे जे फॉन्ट यायचे, ते इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. म्हणून एका मशीनवरचं पत्र दुसऱ्यावर उघडलं की इंग्रजी अक्षरांची भेळ दिसायची. युनिकोड आल्यावर आपल्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळाला. 'क' म्हणजे ०९१५, मग तो लवळ्यात लिहा नाहीतर लंडनमध्ये वाचा. तेव्हा लेख द्याल तो युनिकोडमध्ये द्या, या स्मरणिकेच्या संपादकांचे आशीर्वाद लागतील. इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकायला आठ-पंधरा दिवस पुरतात. आपल्या गावाचं नाव त्यावर चार खुणांत होतं : एन दाबलं की ल, बी दाबलं की व, शिफ्ट धरून एन म्हणजे ळ, आणि एस म्हणजे मात्रा. झालं लवळे! आणि 'सुऱ्या', 'दऱ्या' यांतला तो खास मराठी अर्धा र जमत नाही म्हणून पुष्कळ जण अडतात. शिफ्ट धरून जे, मग हलन्तासाठी डी, मग य. बस.

आता जरा गंभीर बोलतो.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ. त्यांना एके दिवशी व्हिडिओ कॉल आला. समोर पोलिसाच्या वेषातला माणूस. "तुमच्या नावावर गुन्हा आहे, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, कुणाशी बोलू नका." त्यांनी भीतीपोटी पैसे पाठवले. संध्याकाळपर्यंत त्यांना कळलं होतं की आपण फसलो. तरी दोन दिवस त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. का? तर पोरं हसतील, सुना काय म्हणतील. अशा प्रकरणांत पहिले काही तासच महत्त्वाचे असतात, पैसे पुढच्या खात्यांत जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता तेव्हाच असते. ते तास लाजेत गेले.

म्हणून हे सगळ्यांनी पाठ करून जा. डिजिटल अटक नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. कुणी अनोळखी माणूस फोनवर ॲप टाकायला सांगून तुमचा पडदा पाहू मागत असेल, तर फोन ठेवा. ओटीपी पोटच्या पोरालाही फोनवर सांगू नका. आणि तरीही फसवणूक झालीच, तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करा.

त्या गृहस्थांना आपल्या वयाच्या, आपल्या गावच्या चार माणसांत "मला हे कळलं नाही" म्हणायची सवय असती, तर त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत शेजाऱ्याला हाक मारली असती. प्लगच्या बैठकांनी मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, न लाजता विचारायची सवय.

आज आपल्या गावाकडे बघा. टेकडीवर सिंबायोसिस, पलीकडे फ्लेम, देशभरातली मुलं इथे शिकायला येतात. आणि खाली आपलं गाव. सातबारा मोबाईलवर आलाय, २०२१ पासून ई-पीक पाहणी आलीय, शेतकऱ्याने बांधावर उभं राहून पिकाचा फोटो टाकायचा. मोबाईलचं लोकेशन बंद राहिलं म्हणून अडलेले किती तरी जण असतात. एक बटण चालू करायचं असतं, पण ते दाखवायला कुणी नसतं.

आणखी एक. विंडोज १० या प्रणालीचा मोफत सांभाळ कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला. जुनी मशीनं विंडोज ११ घेत नाहीत. म्हणून ती भंगारात घालू नका. त्यांच्यावर लिनक्स टाकलं की लिहिणं, हिशेब, इंटरनेट आणखी काही वर्षं आरामात चालतं. घरी अशी मशीनं धूळ खात असतील तर आणा, आपण बसून करू.

म्हणून माझी विनंती अशी. मुख्याध्यापक सरांनी परवानगी दिली, तर महिन्यातल्या एका रविवारी सकाळी दोन तास आपण आपल्याच शाळेच्या एका वर्गात बसू. नियम चारच. फी नाही. कुणी कुणाला हसायचं नाही. ज्याचं मशीन त्याच्याच हातात राहील, आपण फक्त शेजारी बसून सांगायचं, कारण हातातून काढून घेतलं की शिकणं थांबतं. आणि पासवर्ड, बँकेचा पिन कुणी कुणाला विचारायचा नाही, सांगायचा नाही.

प्रत्येक अडचण आणि तिचा उपाय एका वहीत मराठीत लिहून ठेवू. तारीख, काय झालं, काय केलं, काय उपयोगी पडलं. वर्षभरात ती वही या गावासाठी कुठल्याही पुस्तकापेक्षा कामाची होईल, कारण त्यात आपल्याच माणसांचे प्रश्न असतील. दहावीच्या मुलांनी ती लिहिली तर उत्तमच. त्यांचंही शिक्षण होईल आणि आजोबांनाही नातवाच्या वयाच्या मुलाला विचारण्याचा संकोच राहणार नाही.

मागच्या टेबलावर, जेवणाच्या कुपनांशेजारी, एक शंभर पानी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर नाव आणि एक अडचण लिहून मगच जेवायला जा. ज्याला काहीच अडचण नाही, त्याने नाव लिहून पुढे 'मदत करीन' असं लिहावं. त्या काकांचा ओटीपीचा प्रश्न मी पहिल्या क्रमांकावर लिहून ठेवलाय.