ऑस्ट्रेलियाचें संरक्षण : मित्राचें बळ आणि स्वतःचें बळ



जगाच्या राजकारणांत महासत्तांची चर्चा फार होते. दुर्बळ राष्ट्रांना निदान सहानुभूति तरी मिळते. परंतु जीं राष्ट्रें धड महासत्ताहि नाहींत व धड दुर्बळहि नाहींत, त्यांची अडचण सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं. अशा मधल्या राष्ट्रानें आपलें संरक्षण कसें करावें, या प्रश्नाचा विचार आज आपण ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणावरून करूं.

सुमारें ७७ लाख चौरस किलोमीटरांचा हा देश. वस्ती आजहि पावणेतीन कोटींच्या आसपासच. १९४१ सालीं तर ती जेमतेम ७० लाख होती. एवढा मोठा किनारा इतक्या थोड्या माणसांनीं राखणें कठीण, ही जाणीव तेथील राज्यकर्त्यांना पहिल्यापासून होती. म्हणून ब्रिटनच्या युद्धांत आपण रक्त सांडावें आणि आपल्या संकटांत ब्रिटिश आरमारानें धांवून यावें, असा जणूं अलिखित करारच होता. सिंगापूरचा तळ हा त्या विश्वासाचा आधार.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजीं तें सिंगापूर पडलें आणि सुमारें १५,००० ऑस्ट्रेलियन सैनिक जपानच्या हातीं सांपडले. चारच दिवसांनीं डार्विन बंदरावर बाँब पडून दोनशेंहून अधिक माणसें मेलीं. याच सुमारास मध्यपूर्वेतून परतणारें ऑस्ट्रेलियन सैन्य रंगूनला न्यावें, असा चर्चिल यांचा आग्रह चालला होता. त्यांनीं जहाजांचा रोखहि परस्पर तिकडे वळविला. पंतप्रधान जॉन कर्टिन यांनीं ठाम नकार दिला व सैन्य मायदेशीं आणविलें. ८ मार्च रोजीं रंगूनहि पडलें. यांत केवळ चर्चिल यांना दोष देऊन भागणार नाहीं. त्यांच्यापुढें साम्राज्याचा नकाशा होता, कर्टिन यांच्यापुढें स्वतःचें घर होतें. ज्याचें जळतें त्यालाच कळतें!

या अनुभवानंतर ऑस्ट्रेलियानें मित्र बदलला. १ सप्टेंबर १९५१ रोजीं अमेरिका व न्यूझीलंड यांच्याशीं त्याचा अँझस तह झाला. त्या तहाची भाषा लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. सामाईक संकट आल्यास प्रत्येक राष्ट्र आपापल्या घटनेस अनुसरून त्यास तोंड देईल, इतकेंच त्यांत म्हटलें आहे. अमुक इतकें सैन्य धाडूं, असें वचन कोठेंहि नाहीं. या मैत्रीचें मोल मात्र रोख चुकवावें लागलें. व्हिएटनामच्या युद्धांत सुमारें ६०,००० ऑस्ट्रेलियन गेले व पांचशेंहून अधिक मेले. तें युद्ध चालू असतांनाच, १९६९ च्या जुलैंत, मित्रराष्ट्रांनीं आपल्या संरक्षणाचा मुख्य भार स्वतः वाहावा, असें अध्यक्ष निक्सन यांनीं ग्वाम बेटावर सांगितलें. पुढें तह लागू झाल्याची घोषणा एकदांच झाली, २००१ सालीं. आणि तीहि हल्ला अमेरिकेवर झाला म्हणून!

१९९९ सालीं शेजारच्या पूर्व तिमोरमध्यें रक्तपात माजला, तेव्हां अमेरिकेनें वाहतुकीची व टेहळणीची मदत दिली, पण लढाऊ पायदळ दिलें नाहीं. त्या मोहिमेचें नेतृत्व ऑस्ट्रेलियालाच करावें लागलें, व त्यानें तें यशस्वीपणें केलें.

आजचा पेंच याहून अवघड आहे. ऑस्ट्रेलियाचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक चीन, आणि सर्वांत मोठा रक्षक अमेरिका. २०२० सालीं कोविडच्या उगमाची स्वतंत्र चौकशी व्हावी, असें ऑस्ट्रेलियानें म्हणतांच चीननें त्याच्या जवावर व द्राक्षमद्यावर जबर जकात बसविली. ती उठण्यास अनुक्रमें २०२३ व २०२४ साल उजाडावें लागलें. लोहखनिजाला मात्र चीननें हात लावला नाहीं, कारण त्याच्या पोलादाच्या भट्ट्या त्यावांचून चालत्या ना. ज्याची दुसऱ्याला गरज आहे अशी वस्तु हातीं असणें, हेंहि एक संरक्षणच होय.

२०२१ सालीं फ्रान्सशीं ठरलेला बारा पाणबुड्यांचा व्यवहार मोडून ऑस्ट्रेलियानें अमेरिका व ब्रिटन यांच्याशीं ऑकस करार केला. अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्यांच्या या योजनेचा खर्च तीस वर्षांत २६८ ते ३६८ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर होईल, असा २०२३ चा अंदाज होता. परंतु अमेरिकन कायद्याची अट अशी कीं, या विक्रीनें स्वतःच्या आरमाराचें बळ उणें होत नाहीं, अशी ग्वाही अध्यक्षानें आधीं द्यावी. म्हणजे १९४२ चा प्रश्न पुन्हां तसाच उभा राहिला: मित्राला स्वतःचीच निकड पडली, तर काय?

यावरून मित्र नकोत असें मुळींच ठरत नाहीं. पावणेतीन कोटींच्या राष्ट्राला एकट्यानें राहणें परवडणारें नाहीं. ज्या जपाननें डार्विनवर बाँब टाकले, त्याच जपानच्या बनावटीच्या युद्धनौका २०२५ सालीं ऑस्ट्रेलियानें पसंत केल्या, हें त्याच्या शहाणपणाचेंच लक्षण. मात्र मित्र येईपर्यंतचे दिवस स्वबळावर काढतां आले पाहिजेत, आणि शेजाऱ्यांशीं सलोखा संकटापूर्वींच जोडलेला असला पाहिजे. दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पिणाऱ्याची तहान किती भागावी, हें ओंजळ धरणाराच ठरवितो. ऑस्ट्रेलियाला हें एकदां फार महाग पडून समजलें. इतर मधल्या राष्ट्रांनीं तें त्याच्या इतिहासावरून शिकून घ्यावें.