कातकरी वाडीचे दावे राहू देऊ नका
(तालुका मेळाव्यात केलेले भाषण)



आज वनहक्काच्या दाव्यांवर बोलायचे ठरले आहे. कागद कुठले लागतात ते मागच्या अंकात छापले होते, ते परत सांगत बसत नाही. आज जे बोलायचे आहे ते थोडे कडू लागेल, पण ऐकून घ्या.

गावागावांतून दाव्यांच्या याद्या आमच्याकडे येत आहेत. त्या वाचताना दिसते, की ठाकूर आहेत, महादेव कोळी आहेत, पण त्याच गावची कातकरी वाडी यादीत नाही. विचारले तर म्हणतात, "ते हायत कुठं? भट्टीवर गेलेत." नाहीतर म्हणतात, "कातोडी काय शेती करतो? जमीन दिली तर दारूत घालवील."

हे बोलणे आपले नाही. हेच सावकार आपल्या आजा-पणजाबद्दल बोलत होता. आजही बाजारात शेठला ठाकूर कोण नि कातकरी कोण ते कळत नाही, त्याच्या तोंडी आपण सगळे जंगलीच. मग त्याचा शब्द उचलून आपण शेजाऱ्याला कशाला मारायचा?

कातकरी भट्टीवर जातो तो हौसेने जात नाय. भर पावसात घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादम उचल देऊन जातो. दिवाळी झाली की तो टेम्पो घेऊन येतो. नवरा, बायको, पोरे, कोंबड्या, भांडी, सगळे त्यात भरून वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर. आठवड्याला खर्ची मिळते तेवढीच हातात. हिशोब शेठच्या वहीत. किती हजार विटा थापल्या ते वाचता येत नाही, आणि विचारले तर शेठ चिडतो. पाऊस तोंडावर आला की घरी सोडतात, तेव्हा वहीत काहीतरी बाकी निघालेलीच असते, म्हणजे पुढच्या वर्षीचे जाणे पक्के. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली. वही चालूच आहे.

आता विचार करा. त्याच माणसाच्या नावावर दोन एकर वरकस झाली, नाचणी-वरी घरात आली, तर तो पावसात उचल घेईल का? आणि त्याने उचल घेतली नाही तर एवढ्या स्वस्तात विटा कोण थापील? म्हणजे कातकऱ्याला जमीन मिळू नये यात कुणाचा तरी नफा आहे. पण तो राखायला शेठला काही करावे लागत नाही. "कातोडी काय शेती करतो" असे म्हणून गावच ते काम फुकटात करून देते.

काही जण म्हणतात, त्यांना घेतले तर आपल्या वाटणीचे कमी होईल. हे कुणी पसरवले माहीत नाही, पण ते खोटे आहे. गावाला ठरावीक जमीन देऊन ती वाटायची, असे कायद्यात कुठेच नाही. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जो जेवढी कसतो तेवढ्याचा त्याचा दावा, जास्तीत जास्त 4 हेक्टर. एकाचा दावा दुसऱ्याच्या दाव्यातून कापत नाहीत. उलट सामूहिक दाव्यात कातकऱ्यांमुळे गावाची बाजू भक्कम होते. कुठल्या कड्याखाली कंद निघतात, कुठल्या ओढ्याला खेकडे, मध कुठे, हे कातकऱ्याच्या म्हातारीला विचारा. आपली गुरे जात नाहीत तिथवर तिची वाट जाते. म्हाताऱ्या माणसांचा जबाब लेखी घेतला तर तो पुरावा धरतात.

पण फायदा आहे म्हणून त्यांना घ्या, एवढेच सांगितले तर आमच्यात नि शेठमध्ये फरक काय राहिला? भट्टीवर पोर तापाने फणफणते आणि आई विटा थापत राहते, कारण खाडा झाला तर पैसे कापतात. ते पोर ठाकराचे की कातकऱ्याचे हे विचारून आपल्याला वाईट वाटायचे का?

25 सप्टेंबर 1930 ला उरण तालुक्यात चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला. अक्कादेवीच्या डोंगराला लोक गेले, आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. मेलेल्यांत आगरी होते, कोळी होता आणि नाग्या कातकरीही होता. जंगलासाठी गोळी खाताना तो आपल्यातला होता. मग जंगलाच्या कागदावर नाव लिहायची वेळ आली की त्याचे भाऊबंद बाहेरचे कसे होतात?

सरकारनेच कातकऱ्यांना कोलाम आणि माडियांसारखे आदिम जमातीत धरले आहे. नियम 12 मध्ये लिहिले आहे, की आदिम जमातींच्या वस्तीस्थानाच्या हक्काची तपासणी ती माणसे किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असतानाच करायची. तेव्हा भट्टीच्या दिवसांत कुणी साहेब मोजणीला आला, तर वनहक्क समितीने सांगायचे, वाडी रिकामी आहे, माणसे आल्यावर या. नुसते तोंडी सांगू नका. ग्रामसभेत ठराव करा, पोच घ्या.

आता कामाचे. प्रत्येक गावातून दोघांनी निघायचे, एक ठाकूरवाडीतला किंवा कोळीवाडीतला नि एक कातकरी वाडीत मागे राहिलेला. शेठच्या भट्टीवर जाऊ नका, तिथे बोलू देणार नाहीत. खर्चीच्या दिवशी माणसे बाजाराला उतरतात, तिथे त्यांना गाठा. नमुना अ आणि अंगठ्याची शाई बरोबर ठेवा. शेताच्या चारी अंगाला कोण कसतो ते विचारून लिहा, आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवा. मगच अंगठा. बायकोचे नावही घाला, कायद्यात नवराबायको दोघांच्या नावाने हक्क आहे. एस.टी.चे भाडे मूठभर तांदळाच्या पैशातून मिळेल.

ज्या गावात कातकरी वाडी आहे आणि यादीत नाही, त्या गावची यादी आम्ही पुढे पाठवणार नाही. ती परत गावात येईल, आणि आम्ही तिच्याबरोबर येऊ.