पैसा जातो कुठे?



आमच्या बेळगावच्या कॅम्पात महिन्याचं सामान भरायला वाटा पुष्कळ आहेत. कोपऱ्यावरचं किराणा दुकान आहे, शहरात रविवार पेठेत घाऊक व्यापारी आहेत, आणि घरातलं कुणी फौजेत असेल किंवा होतं, तर मिलिटरी कँटीन आहे. मराठा रेजिमेंटचं केंद्र बेळगावात 1922 पासून आहे, त्यामुळे कँटीनचं कार्ड असलेली घरं कॅम्पात आणि भोवतालच्या खेड्यांत बरीच. एवढं असूनही महिनाअखेरीची ओढाताण चुकत नाही. ‘कुठं स्वस्त मिळतं गं?’ असं आपण बायका एकमेकींना सारखं विचारतो. मला वाटतं, त्याआधी विचारायला हवं की पैसा जातो कशावर?

याचं उत्तर केंद्र सरकारच्या 2023-24 च्या घरखर्चाच्या पाहणीत आहे. शहरातलं घर शंभर रुपयांतले सुमारे चाळीस रुपये खाण्यापिण्यावर खर्च करतं. त्यातला सर्वांत मोठा भाग तांदूळ, गहू, जोंधळा यांचा असेल असं आपण धरून चालतो. तसं नाही. सर्वांत मोठा भाग आहे तयार खाण्याचा आणि पेयांचा. बिस्किटं, फरसाण, शीतपेयं, बाहेरचा चहा-नाश्ता, सगळं त्यात आलं. शंभरातले अकरा रुपये तिकडे जातात, आणि धान्याला त्याच्या निम्मेही लागत नाहीत. आपण मात्र तांदळाच्या भावात दोन रुपये सुटावेत म्हणून तीन दुकानं हिंडतो आणि बिस्किटाचे पुडे भाव न बघता पिशवीत टाकतो.

म्हणून पुढच्या वेळी यादी केलीत की तिच्यातल्या तयार मालापुढं एकेक खूण करा. सगळंच बंद करा असं मी म्हणत नाही. कामावर जाणाऱ्या बाईला इडलीचं तयार पीठ लागतं, ते तिनं खुशाल घ्यावं. पण मुलांच्या चारच्या खाण्याला चुरमुरे, शेंगदाणे, फुटाणे आपल्याकडे सुटे आणि ताजे मिळतात. त्यांची भडंग करायला पाव तासही लागत नाही, आणि पोटाला ती पाकिटातल्या तळणापेक्षा कितीतरी बरी.

आता धान्याकडे वळू. तिथं दुकान बदलून फार काही सुटत नाही, वेळ साधली तर सुटतं. वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात भाताची सुगी दिवाळीच्या आगेमागे होते. बेळगाव बासमतीचा वास ज्या घरांत रुजला आहे, त्यांनी मळणीनंतर ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाचा तांदूळ घ्यावा. तुरीची नवी डाळ संक्रांतीनंतर येऊ लागते, रब्बीचा जोंधळा आणि तिखटाची मिरची शिमग्याच्या सुमारास. रंगाला ब्याडगी आणि झणक्याला संकेश्वरी, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. आपल्या आज्या ही बेगमी मृगाच्या आत का उरकत? बेळगावचा पाऊस लागला की घराला जी ओल येते, तिच्यात अर्धवट वाळलेलं काहीच टिकत नाही. कडक ऊन द्या, डाळीला एरंडेल चोळा, डबा घट्ट लावा. कीड लागून पाच किलो डाळ फेकावी लागली, तर त्या स्वस्ताईला काही अर्थ उरला नाही. आणि ज्यांची बदली कधीही होऊ शकते, त्या फौजी घरांनी वर्षाचं भरूच नये. दोन महिन्यांचं पुरे.

रविवार पेठेत जायचं तर चार घरांनी मिळून जावं. एकटीनं गेलं तर सुटलेले पैसे रिक्षावाल्याला द्यावे लागतात. पोतं आणून वाटून घेण्यात आणखी एक फायदा आहे. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या तांदूळ, डाळ, पिठावर पाच टक्के जीएसटी लागतो. सुट्या मालावर तो नाही, आणि 25 किलोहून मोठ्या पोत्यावरही नाही. अशा एकरकमी खरेदीला हाताशी पैसा हवा. कर्नाटकात 2023 च्या ऑगस्टपासून गृहलक्ष्मी योजनेचे महिना दोन हजार घरातल्या बाईच्या नावावर येऊ लागले. माझ्या मैत्रिणींनो, ज्या महिन्यात ते जमा होतील, त्यातून आधी सुगीचं धान्य घ्या. बाकीची खरेदी मागाहून.

पाकिटं घ्यायचीच तर वजन वाचा. पूर्वी बिस्किटं, तेल, चहा अशा कितीतरी वस्तूंची पाकिटं ठरावीक वजनाचीच करावी लागत. ते बंधन सरकारनं काढलं, आणि किंमत तीच ठेवून आतला माल कमी करणं कंपन्यांना सोपं झालं. तेलाचंच बघा. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं. त्याच आकाराची दिसणारी पिशवी हातात घ्या आणि मागं बघा, कुठं 850 लिहिलेलं असतं, कुठं 750. मात्र त्या बंधनाच्या जागी एक चांगला नियम आला आहे. एमआरपीबरोबर एका ग्रॅमचा, किलोचा किंवा लिटरचा भाव छापावा लागतो. अक्षर बारीक असतं, चष्मा घेऊन जा. दोन पाकिटांतलं स्वस्त कुठलं ते त्याच आकड्यावरून ठरवा. मोठं पाकीट दरवेळी स्वस्तच पडतं असं नाही.

कँटीनबद्दल थोडंसं. तिथं साबण, चहा, तेल बाहेरपेक्षा स्वस्त मिळतं हे खरं. पण स्वस्त आहे म्हणून घरात चार-चार शांपूच्या बाटल्या साठवणं ही बचत नव्हे. यादी करून जा आणि यादीतलंच घेऊन या.

शेवटी एक नंबर लिहून घ्या. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेणं किंवा मापात कमी देणं हा गुन्हा आहे. असं कुणी केलं तर पावती जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करा. या फोनला पैसे पडत नाहीत, आणि तक्रार मराठीतूनही करता येते.