रक्ताचा हिशेब अंदाजाने नको
(मंडळाच्या बेळगाव येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आम्ही बँकेत रोकड मोजणारी माणसे, डॉक्टर नव्हे. पण आजचा विषय मोजण्याचाच आहे. संध्याकाळी कॅश जुळवताना "साधारण एवढी असेल" हे उत्तर आमच्याकडे चालत नाही. बाळंतिणीच्या रक्तस्रावाबाबत मात्र वर्षानुवर्षे तेच चालत आले. कपडे किती भिजले ते बघायचे आणि अंदाज करायचा.

प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे जगभर मातामृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. धडधाकट बाई काही तासांत हातची जाते.

हा अंदाज किती चुकतो, ते आपल्या बेळगावातच तपासले गेले. येथील जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर एक प्लॅस्टिकची चादर वापरात आणली. ती बाळंतिणीखाली पसरायची. तिच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मापाच्या खुणा. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: डोळ्यांचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरला. त्याच वर्षी दुसरा अभ्यासही आला. जिल्ह्यातल्या खेड्यांत नर्सबाईंनी १,६२० बाळंतपणांत ही चादर वापरून मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांची चाचणी घेतली होती. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्के होते, ते गोळ्यांमुळे ६.४ टक्क्यांवर आले.

मग नुसती पिशवी पुरते का? नाही. युरोपातील १३ देशांत अशीच मापाची पिशवी वापरून पाहिली. २०१० च्या त्या अहवालात गंभीर रक्तस्राव विशेष घटल्याचे दिसले नाही. हिशेबातली तूट नुसती दिसून भरून निघत नाही, हे आम्हाला पेढीवर रोज कळते.

पुढची चाचणी केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानियातील ८० रुग्णालयांत झाली. दोन लाखांवर बाळंतपणे. तेथे मापाबरोबर एक नियम बांधला: खूण ओलांडताच थांबायचे नाही. गर्भाशय चोळणे, औषधे, सलाईन, तपासणी, सारे एकदमच सुरू करायचे. २०२३ साली निकाल आला. गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्यातून मृत्यू, यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांच्या जागी १.६ टक्के झाले.

बंधूंनो, पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते. डोहाळजेवणाला कोणी काय आहेर केला, हे आपण वहीत टिपून ठेवतो. मग ज्या दवाखान्यात तिला नेणार, तेथे तीन प्रश्न आधी का विचारू नयेत? रक्त मोजायची पिशवी आहे का? औषधे हाताशी आहेत का? रात्री कोण असते? उत्तर समाधानकारक नसेल तर मंडळाकडे या. आम्ही अर्ज लिहून देऊ, मराठीत आणि कन्नडातही, आणि आरोग्य खात्याकडे पाठपुरावा करू.

ज्या जिल्ह्याने जगाला मोजून दाखवले, त्या जिल्ह्यातली बाळंतीण अंदाजावर सोडणे आपल्याला शोभत नाही.